आमच्या घरातले पिस्तूल

शाळामास्तराच्या घरी काय असावे याविषयी लोकांच्या कल्पना ठाम असतात. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असावा, दांडी सुतळीने बांधलेला चष्मा असावा, भिंतीवर एखाद्या निरोप समारंभाचा पिवळा पडलेला फोटो असावा, आणि फार तर कोपऱ्यात एक छडी असावी. त्यातली छडी तर २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने गेलीच. पण याच सरकारने पुढे मला रीतसर शिक्का मारून पिस्तूल बाळगायला परवानगी दिली. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात ज्याच्या हाती एक वेताची काडी देणे धोक्याचे, त्याच्या घरच्या कपाटात बत्तीस बोअरचे पिस्तूल असायला हरकत नाही! मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबरच असतील. पण एकाच माणसाविषयी दोन इतकी निराळी मते एकाच देशात सुखाने नांदतात, याची मला मोठी गंमत वाटते.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण आमच्या आईच्या भाषेत ‘मॅट्रिक’पर्यंत. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यांतून तलवारी पुष्कळ चालतात, पण त्या कागदावर. खऱ्या हत्याराशी माझा संबंध यावा असे माझ्या पत्रिकेत काही नव्हते. तो आला आमच्या मळ्यामुळे.

आमचे घर कृष्णाकाठच्या एका गावापासून तीन किलोमीटर आत, उसाच्या मधोमध आहे. वडील गेले तेव्हा आम्ही आईला म्हटले, गावात राहायला जाऊ. ती म्हणाली, “विहीर इथं, गोठा इथं, त्यांची समाधी इथं, मी गावात जाऊन काय करू? शेजारणीच्या खिडकीत बघत बसू?” तिच्यापुढे कोणाचे चालले नाही. मग एका हिवाळ्यात आठवडाभरात दोन वस्त्यांवर चोऱ्या झाल्या. त्यांतल्या एका ठिकाणी म्हाताऱ्या नवराबायकोला दोरीने बांधून मारले. म्हाताऱ्याचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी मी त्याला बघायला दवाखान्यात गेलो. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “नुसतं मागितलं असतं तरी दिलं असतं, गुरुजी.” परतताना मी ठरवले की अर्ज करायचा. ते २०१५ साल.

अर्ज म्हणजे काय असते हे ज्याने केला नाही त्याला कळणार नाही. आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे विनंती. मग धाकाचे कारण. मग उत्पन्नाचे, राहण्याचे, वयाचे दाखले. मग मी शहाणा आहे असे डॉक्टरचे लेखी मत. हा शेवटचा कागद मी हिला दाखवला. ती म्हणाली, “याची एक नक्कल माझ्याकडं राहू दे.” अर्ज वाटेत असतानाच २०१६ चे नवे नियम आले. त्यांत हत्यार सुरक्षित हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला आला. वयाच्या त्या टप्प्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. शिकवणारा माजी सैनिक होता. पहिल्याच तासाला त्याने सांगितलेले वाक्य मी शाळेत फळ्यावर लिहावे इतके चांगले आहे: “जे हत्यार रिकामं आहे असं वाटतं, तेच भरलेलं असतं.”

पोलिसांची चौकशी आली. हवालदाराने गावात विचारपूस केली, आणि बांधाला बांध लागून असलेल्या माझ्या चुलतभावालाही विचारले. त्या दादाचे नि माझे बांधावरून भांडण आमच्या आजोबांपासून चालत आलेले. तो काय सांगतो याची मला धाकधूक होती. पण त्याने सांगितले, “माणूस सरळ हाय. त्याला द्यायला हरकत न्हाई.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

२०१७ साली परवाना हाती आला. आता खरेदी.

आपल्याकडे परवाना असला म्हणजे वाटेल ते हत्यार घेता येते असे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने काही मापे सैन्यासाठी नि पोलिसांसाठी राखून ठेवली आहेत. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल तुम्हाआम्हाला मना आहे. आपल्या वाट्याला येते ते मुख्यतः बत्तीस बोअर, म्हणजे ७.६५ मिलिमीटरची लहान गोळी. त्यातही दोन वाटा: एक तर नवे देशी पिस्तूल घ्यावे, नाहीतर पूर्वी केव्हातरी परदेशातून आलेले जुने शोधावे. सामान्य माणसासाठी बाहेरून हत्यारे आणणे १९८० च्या दशकात बंद झाले. त्यामुळे जी आत आली तेवढीच या हातून त्या हाती फिरत राहतात. आटलेल्या विहिरीतल्या पाण्याला येते तशी त्यांना किंमत आली आहे.

शहरातल्या एका जुन्या दुकानात मी गेलो. दुकानदाराने नवे देशी पिस्तूल दाखवले, ते चांगलेच होते. मग त्याने आतून तेलाने माखलेल्या फलाणीत गुंडाळलेली एक वस्तू आणली आणि काउंटरवर उलगडली. मी चित्रकलेचा मास्तर आहे हे इथे विसरू नका. रेषा चांगली असली की माझे चित्त ठिकाणावर राहत नाही. त्या पिस्तुलाला वर उठून दिसणारा घोडा नव्हता, कोपरे नव्हते, नक्षी नव्हती. नदीतल्या गोट्यासारखे ते सगळीकडून घासून आल्यासारखे वाटत होते. लांबी वीतभराहून कमी, वजन पाऊण किलोच्या आत. वरच्या पोलादी सरकेवर रोमन अक्षरे कोरलेली: फाब्रिक नासिओनाल, एर्स्ताल, बेल्जियम. ते ब्राउनिंगचे १९२२ चे मॉडेल होते.

ते इथे कसे आले याची कथा दुकानदाराला ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि पडले. सेन्यो नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच मोहिमेतला आमच्या बाजूचा एक तरुण हे पिस्तूल घेऊन परतला होता. एर्स्तालचा कारखाना मे १९४० पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत जर्मनांच्या ताब्यात होता, आणि तिथली पिस्तुले त्यांच्या सैन्याला जात. माझ्या पिस्तुलावर त्या काळचा गरुडाचा बारीक शिक्का आहे. बेल्जियमच्या कारागिराने जर्मनांच्या धाकाखाली घडवलेले, इटलीत पडलेले, मराठी शिपायाने उचललेले हे पिस्तूल सत्तर वर्षे कृष्णाकाठी राहिले. म्हातारबुवा नव्वदीच्या घरात वारले. मुलगा परदेशात. त्याने ते रीतसर दुकानात जमा केले होते. मी त्याच्याशी फोनवर बोललो. तो म्हणाला, “बाबांनी ते इकडे आल्यावर कधी झाडलं नाही, आणि कधी कोणाला हातात दिलंही नाही.”

किंमत माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी झाली. नवे देशी याहून स्वस्त पडले असते. का घेतले, असे हिने विचारले तेव्हा मी म्हटले, “टिकाऊ आहे.” खरे उत्तर रेषेत होते.

वस्तू घरात आली की तिचे कूळ शोधणे हा माझा जुना नाद. या पिस्तुलाचा जनक जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. जन्म १८५५ चा. बाप बंदुका दुरुस्त करी, आणि पोरगा दुकानातल्या मोडतोडीत वाढला. गोळी सुटली की जो धक्का मागे बसतो तो आपण खांद्यावर किंवा मनगटावर फुकट सोसतो. ब्राउनिंगने त्या धक्क्याला कामाला लावले. त्या धक्क्याने वरची सरक मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते. स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते, तेव्हा ती मुठीतल्या मॅगझिनमधून नवे काडतूस उचलून नळीत बसवते. माणसाने फक्त चाप सोडून पुन्हा दाबायचा. एका दाबाला एकच गोळी, म्हणून हे अर्धस्वयंचलित. माझ्या पिस्तुलात ही स्प्रिंग नळीभोवतीच वेढलेली आहे, म्हणून त्याचे अंग इतके सडपातळ. अमेरिकेच्या सैन्यासाठी त्याने जे मोठे पंचेचाळीस बोअरचे पिस्तूल केले, त्याच्या चाचणीत ६००० गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते सैन्याने स्वीकारले, आणि १९८५ पर्यंत तेच तिथले ठरलेले पिस्तूल होते. स्वतः ब्राउनिंग १९२६ च्या नोव्हेंबरात एर्स्तालच्या कारखान्यातच, काम करता करता, हृदय थांबून वारला. आमच्या गावच्या सुताराला असे मरण आले तर लोक म्हणतील, पुण्यवान होता.

पण कूळ शोधू लागले की सगळेच पूर्वज सोयीचे निघत नाहीत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल ब्राउनिंगचे. लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्यांपैकी. १९१० च्या १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे नि देशपांडे फाशी गेले. कान्हेरे तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांएवढे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या बागेत चंद्रशेखर आझादांच्या हाती जे कोल्ट पिस्तूल होते, त्याचा आराखडाही ब्राउनिंगचाच. ते तिथल्या संग्रहालयात ठेवले आहे. आणि २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला ज्या पिस्तुलाने मारले नि ज्या निमित्ताने पहिले महायुद्ध पेटले, ते १९१० चे मॉडेल तर माझ्या पिस्तुलाचा सख्खा थोरला भाऊ.

नाशिकचे नाव घेतले की आमच्या गावात छाती भरून येते. पण ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या महात्माजींवर तीन गोळ्या सुटल्या, तेही असेच लहान सैनिकी पिस्तूल होते, इटलीचे बेरेट्टा, आणि तोही हात मराठी होता. त्यानंतर आमच्याच कृष्णाकाठच्या गावागावांतून निरपराध माणसांची घरे जळाली. आमच्या गावात त्या जोत्यांवर आज बाभळी आहेत. पोलादाला दोन्ही दिवस सारखे. एकदा तेल घालून पुसताना हे मनात आले, आणि त्या दिवसापासून मी त्याला ‘सुंदर’ म्हणणे सोडले. ‘नेटके’ म्हणतो.

घरच्यांनी त्याचे स्वागत आपापल्या परीने केले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवून धुराचा वास घ्यायची तिला भारी हौस. तिने विचारले, “बाबा, यात किती टिकल्या बसतात?” मी म्हटले, “नऊ.” ती म्हणाली, “माझ्या रिळात त्यापेक्षा जास्त आहेत,” आणि तिचा त्यातला रस तिथेच संपला. तरी मी तिला बसवून सगळे दाखवले. कपाटात चोरून ठेवलेल्या वस्तूला पोरांचे डोळे फुटतात, दाखवलेल्या वस्तूला नाही. ही डावीकडची कळ. ही मुठीमागची पट्टी, मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप चालत नाही. आणि मॅगझिन काढले तरी नळीत एक काडतूस राहिलेले असू शकते, म्हणून सरक मागे ओढून डोळ्याने बघायचे. मग काडतुसे एका कपाटात, पिस्तूल दुसऱ्यात, आणि किल्ल्या मीच जाणे. हिने एवढेच सांगितले, “माझ्या साड्यांच्या कपाटात नको.”

आईचा प्रश्न खंडेनवमीला उभा राहिला. आमच्याकडे त्या दिवशी विळा, खुरपे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ नि माझे रंगाचे कुंचले यांची पूजा होते. मी पिस्तूल पुसून आणले. आईने हळदकुंकवाचे ताट खाली ठेवले. म्हणाली, “ज्यानं पिकतं, ज्यानं पोट भरतं, त्याची पूजा. ह्याला काय पिकवायचंय? असू दे कपाटात. ज्या दिवशी ह्याचं काम पडणार नाही त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावते, तेवढं पुरे.” आणि ती दिवा रोजच लावते.

पिस्तूल ठेवणे म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन: कागद सांभाळणे नि गंज पुसणे. पावसाळ्यात आमच्याकडे हवाच ओली. दर पंधरा दिवसांनी चिंध्या, तेल नि नळीत घालायचा ब्रश घेऊन बसावे लागते. काडतुसे मोजून, माझ्या परवान्यावर एका वेळी २५, वर्षाला ५०. ती खडकीच्या कारखान्यातली. वर्षातून दोनदा शहरातल्या नेमबाजीच्या मैदानावर जाऊन दहा-पंधरा गोळ्या झाडतो. पहिल्या दिवशी कागदावरचे काळे वर्तुळ मला सापडेना. शेजारची एक कॉलेजातली मुलगी पटापट मधोमध मारीत होती. आता दहांतल्या सहा गोळ्या वर्तुळात जातात. आवाजाची सवय मात्र अजून होत नाही, आणि होऊ नये असेच वाटते.

गावातल्या लोकांना मात्र त्या आवाजाचीच हौस. एका बागाइतदाराच्या मुलाचे लग्न होते. तो म्हणाला, “गुरुजी, वरात निघताना दोन बार काढा. फटाके कोणीही लावतं.” मी त्याला समजावले की वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती कोणाच्या डोक्यावर यायची हे ती विचारीत नाही. तो ऐकेना, तेव्हा कायदा पुढे केला. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभात असे बार काढणे हा स्वतंत्र गुन्हा केला आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा ऐकून तो म्हणाला, “मग फटाकेच बरे.” माणसाच्या जिवापेक्षा आकडा लवकर पटतो, हा माझा गणित न शिकवणाऱ्या मास्तराचा अनुभव.

निवडणूक आली की पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. २०२४ साली लोकसभा नि विधानसभा अशा दोन निवडणुका आल्या, आणि एका वर्षात आमच्या पिस्तुलाच्या दोन फेऱ्या झाल्या. ठाण्यातले हवालदार आता ओळखीचे. पावती फाडताना म्हणतात, “काय गुरुजी, आली का लेक म्हायेराला?” मी म्हणतो, “नीट ठेवा. सासरी मार खात नाही, माहेरी गंजायला नको.” गंमत अशी की ते घरी नसते तेव्हाही आम्ही रात्री तसेच झोपतो. कुत्री भुंकतात, आई जागी होते, कूस बदलते. काही म्हणजे काही फरक पडत नाही.

फरक पडला होता तो दुसरीकडेच.

आमचा नि दादाचा बांध हा एक वार्षिक सण होता. दर जूनला पेरणीच्या तोंडावर तो बांध दोन वीत कोरायचा. मी जाऊन आरडाओरडा करायचा. तो आमच्या आजोबांना शिव्या द्यायचा, जे त्याचेही आजोबा. मी त्याच्या. आठ दिवस बोलणे बंद. मग बेंदराला त्याचे बैल आमच्या दारात आले की आई त्यांच्या पायांवर पाणी घालायची, आणि सगळे मिटायचे. दिवाळीत फराळाची ताटे इकडून तिकडे, तिकडून इकडे. असे तीस वर्षे मी पाहिले.

पिस्तूल आले त्यानंतरच्या जूनमध्ये बांधाला कोणी हात लावला नाही. दोरी लावल्यासारखा सरळ राहिला. मला वाटले, दादाचे वय झाले. दुसऱ्या वर्षीही तसेच. मग ध्यानात आले की तो आता अंगणात येत नाही. काम असले तर रस्त्यावरून हाक मारतो. त्याची पोरे चिंचेखाली खेळायला येईनाशी झाली. बैल दारात आले, पण ते पोराने आणले. फराळाचे ताट आले, तेही पोराबरोबरच. आमचे बोलणे चालू होते. नुसते चांगले चालू होते. भाऊबंदांत एवढे चांगले बोलणे बरे नव्हे.

एका संध्याकाळी मी बांधावर त्याला गाठले आणि सरळ विचारले, “दादा, काय झालं?” तो बराच वेळ तंबाखू मळीत बसला. मग म्हणाला, “बापू, तू काढणार न्हाईस, हे मला ठावं हाय. मीच सांगितलं की हवालदाराला. पर भांडताना मला ते आठवतं. मग शिवी तोंडातच ऱ्हाती. आन् भांडायला जमंना, तर बोलायला तरी कसं जमावं?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या माणसाच्या साक्षीवर मला पिस्तूल मिळाले, त्याच माणसाला त्याचा धाक बसला होता. आणि ज्या चोरांसाठी ते आणले त्यांना ते माझ्याकडे आहे याचा पत्ताही नसेल.

चोरांची परीक्षाही पुढे झाली. २०२४ संपत आले होते, पिस्तूल ठाण्यातून परत आले होते. रात्री दोनच्या सुमारास कुत्री उठली. विहिरीकडे कोणीतरी मोटरीची वायर तोडीत होते. मी एक कपाट उघडले, मग दुसरे. मॅगझिन बसवले, सरक ओढली नाही. दारात उभा राहिलो. छातीतली धडधड मुठीत ऐकू येत होती. तेवढ्यात उसाच्या कडेने बॅटरीचा झोत आला आणि कोणी तरी मोठ्याने ओरडले. विहिरीकडची पावले ओढ्याच्या बाजूने पळाली. झोत आमच्या कुंपणापाशी येऊन थांबला, आणि अंधारातून आवाज आला, “बापू, मी हाय! मी दादा! मी हाय!” तीनदा. मी “ये” म्हणेपर्यंत त्याने कुंपणाच्या आत पाऊल टाकले नाही.

तो हातात नुसती काठी घेऊन धावत आला होता. आम्ही वायर गोळा केली, आईने चहा केला. कोणी जास्त बोलले नाही. पण ते तीनदा ‘मी हाय’ पुढे कित्येक दिवस माझ्या कानांत राहिले. आमच्या दारात, मदतीला धावून आल्यावर, भावाला आपले नाव पुकारून उभे राहावे लागले.

परवान्याचे नूतनीकरण २०२५ मध्ये होते. पूर्वी परवाना तीन वर्षांचा असे, आता पाच वर्षांचा असतो. अर्ज टेबलावर पडून होता. दुकानदाराने चांगली किंमत सांगितली होती. ही म्हणाली, “तुम्ही ठरवा.” मी आईला विचारले. तिने तांदूळ निवडता निवडता वर न बघता सांगितले, “ठेव नाहीतर वीक. पण दादाला विचारून काय ते कर. चोर आला तर आधी तोच येणार आहे.”

मी बांध ओलांडून गेलो. त्याच्या ओट्यावर बसलो, अर्ज पुढे ठेवला आणि म्हटले, “तू नको म्हण, मी उद्या विकतो.” पिस्तूल माझे, परवाना माझा, पैसे माझे, पण त्याचे ओझे त्याच्याही अंगावर होते, तेव्हा त्याचा शब्द घेणे मला न्यायाचे वाटले. दादाने अर्ज उलटासुलटा करून पाहिला. त्याला ते बारीक अक्षर लागत नव्हते. मग म्हणाला, “म्हातारी तिथं हाय तवर असू दे. रात्रीची वेळ सांगून येत न्हाई.” थोडे थांबून पुढे म्हणाला, “पर एक सांगतो. औंदा मी बांध कोरणार.”

“कोर की,” मी म्हटले. “मी बघतोच.”

अर्ज दिला. परवाना पाच वर्षांसाठी पुढे गेला. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून येतो तो काय, बांध चांगला दोन वीत कोरलेला! मी सायकल तिथेच टाकली आणि त्याच्या आजोबांचा उद्धार सुरू केला. तोही कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने माझ्या आजोबांना बाकी ठेवले नाही. आई ओसरीवरून ऐकत होती. आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या आठ दिवसांत मला जी झोप लागली तशी पिस्तुलाने एकाही रात्री दिली नव्हती.

या दिवाळीचे फराळाचे ताट दादा स्वतः घेऊन आला. कुंपणापाशी थांबला नाही, हाकही मारली नाही, सरळ स्वयंपाकघरात येऊन बसला आणि आईला म्हणाला, “काकी, तुमच्या चकल्या यंदा मऊ पडल्या.”